कडाक्याच्या थंडीत फिरायला जाताय? या चुका टाळा

दर वर्षी नोव्हेंबर लागला की तेच प्रश्न परत सुरू होतात. सगळ्यात थंड देश कोणता, उणे ४० ला जॅकेट कुठलं चालतं, आठवड्यात किती देश उरकतील. आणि उत्तरात कुणीतरी हटकून यादी चिकटवतं, रशिया, कॅनडा, मंगोलिया, कझाकस्तान, फिनलंड, नॉर्वे, आइसलँड, घ्या, निवडा एक. या भागांत हिवाळ्यात मी लोकांबरोबर बरंच फिरलोय आणि खरं सांगतो, थंडीने जेवढी माणसं अडचणीत येत नाहीत तेवढी या यादीने येतात. म्हणून जे जे बघून कंटाळा आलाय ते एकदाच लिहून टाकतो.

देशाचं नाव बघून बॅग भरणं

ही माझी खास नावडती चूक. रशिया म्हणजे थंड, बरोबर, पण काळ्या समुद्राकाठचं सोची पण रशियातच आहे, तिथे जानेवारीची सरासरी सुद्धा शून्याच्या वर असते आणि रस्त्याकडेला पामची झाडं उभी असतात. आणि सायबेरियाच्या याकुतिया प्रांतातलं ओय्म्याकोन पण रशियातच, जिथे फेब्रुवारी १९३३ मध्ये उणे ६७.७ नोंदलं गेलं. कॅनडात व्हँकुव्हरचा हिवाळा म्हणजे मुख्यतः पाऊस, तर यलोनाइफला जानेवारीची सरासरी उणे २५ च्या आसपास. नॉर्वेचं ट्रॉम्सो ६९ अंश उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्या पार वर, तरी समुद्राच्या कोमट प्रवाहामुळे तिथे जानेवारीत सरासरी उणे ४ वगैरेच असतं. त्याच देशात समुद्र सोडून आत गेलात की करासयोक लागतं, तिथे पारा उणे ५१.४ पर्यंत उतरलेला आहे. आता सांगा, "नॉर्वेला जातोय, काय घालू" याला काय उत्तर द्यायचं?

मंगोलियातल्या उलानबातरचं तर सगळंच उलटं. अक्षांश बघितला तर जवळपास पॅरिसच्या रेघेत, आणि तरी जगातली सगळ्यात थंड राजधानी. समुद्र लांब, उंची साधारण १३५० मीटर, आणि हिवाळाभर सायबेरिया-मंगोलियावर ठाण मांडून बसलेला जास्त दाबाचा पट्टा, त्यामुळे आकाश निरभ्र आणि जमिनीची ऊब रात्री सरळ वर निघून जाते. मस्त ऊन पडलंय म्हणून टोपी खोलीवर ठेवून निघणारे लोक मी तिथे बघितलेत, अरे बाबांनो, तिथे लख्ख ऊन पडलेला दिवसच जास्त गार असतो, ढग आले की उलट जरा बरं वाटतं. शिवाय तिथे थंडीइतकाच त्रास धुराचा. गेर म्हणजे गोल तंबूंच्या वस्त्यांमधल्या कोळशाच्या चुली आणि दरीत अडकून बसलेली गार हवा, दोन्ही मिळून जानेवारीत श्वास घेणं नकोसं होतं. दमा असेल तर तो महिना सोडाच, नसेल तरी चांगला फिल्टरवाला मास्क बरोबर ठेवा.

माझी सवय सांगतो. मी आधी गाव आणि महिना ठरवतो, मग तिथला वारा बघतो, मग पाऊस-बर्फ कसा पडतो ते, आणि तापमान सगळ्यात शेवटी. कारण उणे २० असेल आणि ताशी ३० किलोमीटर वारा सुटला तर कॅनडात वापरतात त्या विंड चिलच्या, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीच्या, हिशेबाने ते उघड्या चामडीला उणे ३३ सारखं असतं, आणि त्या पातळीला गाल-नाक १० ते ३० मिनिटांत गोठायला लागू शकतात. कझाकस्तानच्या अस्तानाला सपाट माळावर उभं राहिलात की हे सूत्र कुणी समजावून सांगावं लागत नाही. आणि याकुतियातल्या याकुत्स्क शहराला उणे ४० मध्ये बहुतेक वेळा वाराच नसतो, शहरावर गाड्यांच्या धुराचं नि वाफेचं बर्फाळ धुकं साचलेलं असतं, मग लोक म्हणतात "कोरडी थंडी आहे, जाणवत नाही". जाणवत नाही हाच तर घोळ आहे ना! जाणवलं असतं तर आत गेला असतात.

आइसलँडवाल्यांचं वेगळंच दुखणं. रेक्याविकमध्ये जानेवारीची सरासरी शून्याच्या आसपास असते, पण वारा आणि ओला बर्फ, आणि तासाभरात हवा पालटते. तिथे लोक उणे ३० चं पिसांचं जाडजूड जॅकेट घेऊन येतात, ते भिजलं की त्याचा लगदा होतो आणि ऊब संपली. तिथे वरचा थर पाणी आणि वारा अडवणारा लागतो, आत लोकरीचं काहीतरी, बास.

मोज्यांवर मोजे

आता हे जरा सविस्तर सांगतो कारण दर खेपेला कुणीतरी करतंच.

यलोनाइफच्या बाहेर गोठलेल्या तळ्यावर नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आकाशातला ध्रुवीय प्रकाश, बघायला आमचा ग्रुप उभा होता. उणे तीसच्या खाली कुठेतरी, वारा नाही, आकाश एकदम साफ. त्यात एक तरुण मुलगा, एकदम उत्साही, बूट नवे कोरे आणि महागातले, त्यात एकावर एक असे तीन मोजे. बूट आपल्या नेहमीच्या मापाचे. निघतानाच मी म्हटलं, बाबा, पाय आत हलतोय का? तर म्हणे "नाही, एकदम पॅक आहे, हवाच जाणार नाही." तासाभराने म्हणाला पाय दुखतायत. आत तंबूत शेकोटी होती, म्हटलं जाऊन बस. नाही गेला, कारण "आता लाइट्स येतीलच". अजून थोड्या वेळाने स्वतःच खुशीत सांगायला आला की आता दुखायचं थांबलं, बरं वाटतंय.

दुखायचं थांबलं म्हटल्यावर मात्र मी त्याला ओढतच आत नेला. बूट निघता निघेना. मोजे काढले तर दोन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी, बोट लावलं तरी त्याला कळत नव्हतं. तेवढ्यात एक काका मदतीला धावले, ओंजळभर बर्फ घेऊन, चोळायला! त्यांना थांबवलं. असं गोठलेलं बोट चोळायचं नाही, बर्फाने नाही आणि हाताने पण नाही, आतल्या पेशी आणखी फाटतात. शेकोटीसमोर पण धरायचं नाही, कारण संवेदनाच नसते, भाजलं तरी कळत नाही. त्याचे पाय एका मित्राच्या पोटाला, शर्टाच्या आत लावून बसवले आणि नंतर मुक्कामावर ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात. संवेदना परत येताना पोरगा रडला अक्षरशः. वेळेत निभावलं, नुसती वरची चामडी सोलवटली. पण बोटं टणक लागली असती किंवा फोड आले असते तर थेट डॉक्टरच, आणि पुन्हा गोठायची शक्यता असेल तर गरम करायच्या भानगडीत पडायचंच नाही.

आता कारण काय, तर ऊब मोज्यात नसते, ती रक्तातून येते आणि मोजा ती नुसती धरून ठेवतो, तेही आत अडकलेल्या हवेच्या जोरावर. पाय आवळला की रक्तही अडतं आणि हवाही जाते. म्हणून मी बूट एक माप मोठेच घेतो, आत एक पातळ आणि एक जाड लोकरीचा मोजा, आणि बोटं आत वाजवता आली पाहिजेत. तळाला फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, इनसोल, कारण बर्फावर उभं राहिलं की गारवा खालून येतो. आणि उभं राहायचं असेल तर जॅकेट नव्हे, आधी बूट. चालणारा माणूस साध्या बुटात निभावून नेतो, उभा राहणारा नाही. हातांचंही तेच, पाचही बोटं वेगळी असलेल्या ग्लव्ह्जपेक्षा चार बोटं एकत्र राहतात त्या मिटन्स बऱ्या.

घाम

कॉटन नको. आतला थर लोकरीचा किंवा सिंथेटिक. आणि घाम यायच्या आधी चेन उघडा, आल्यावर नाही. याकुत्स्कमध्ये खोल्या चांगल्या तापवलेल्या असतात, तिथे सगळे थर घालून बसून राहणारे बाहेर पडताना आतून ओले असतात, मग कुडकुडतात आणि दोष जॅकेटला.

गाडी भाड्याने घेणं

आइसलँडमध्ये वाऱ्याकडे पाठ करून गाडी उभी केली आणि दार मोकळं सोडलं की दार उलटं फिरतं, बिजागरीसकट. आमच्यातल्या एकाचं झालं, पेट्रोल भरायला थांबला आणि दार गेलं, आणि भाड्याच्या विम्यात वाऱ्याचं नुकसान बसतच नव्हतं. नंतर दोन दिवस तो माणूस कुठला धबधबा किती भारी यावर एक शब्द बोलला नाही. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा, दार दोन्ही हातांनी धरा, आणि विम्याचे कागद घेतानाच वाचा, दार गेल्यावर नाही. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर निघूच नका, "आपलं बुकिंग आहे ना" हे वादळाला सांगून उपयोग नाही.

आणि मॅप दाखवतो तो छोटा रस्ता. २०२० च्या हिवाळ्यात याकुतियातून रशियाच्याच पूर्वेकडच्या मगादान शहराकडे निघालेले दोन तरुण मॅपवर कमी अंतर दिसलं म्हणून कोलिमा महामार्गाच्या जुन्या, वापरात नसलेल्या फाट्याला लागले, गाडी बंद पडली, बाहेर उणे ५० च्या आसपास. त्यातला एक वाचला नाही. थंड प्रदेशात रस्ता मॅपला नाही, तिथल्या माणसाला विचारायचा. आणि तिथे शॉर्टकट हा शब्द काढणाऱ्याच्या गाडीत मी बसत नाही.

डिझेल गाडी असेल तर टाकीत हिवाळी डिझेल आहे ना ते विचारा, साधं डिझेल अशा थंडीत दाटतं आणि फिल्टर तुंबतो. कॅनडात पार्किंगमध्ये इंजिन हीटरसाठी प्लग दिसतील, ते शोभेला नाहीत, रात्री गाडी जोडून ठेवा.

बारीकसारीक

फोन आतल्या खिशात, अंगाला लागून. उणे तापमानात गार पडलेला फोन किंवा कॅमेऱ्याची बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नका, शून्याखाली चार्ज केली की लिथियमच्या बॅटरीचं कायमचं नुकसान होतं.

कॅमेरा आत आणण्याआधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा, आत आल्यावर तासभर उघडू नका. नाहीतर लेन्सवर सगळं दव.

ऊब यावी म्हणून दारू, अजिबात नाही. चामडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, पण शरीराची ऊब बाहेर चाललेली असते.

उघड्या हाताने ट्रायपॉड धरू नका. मेटल असेल तर चामडी चिकटते.

डिसेंबरचा हट्ट

सगळ्यांना लॅपलँड, म्हणजे नॉर्वे-स्वीडन-फिनलंडचा उत्तरेकडचा भाग, किंवा आइसलँड डिसेंबरमध्येच हवं असतं. तेव्हा ट्रॉम्सोला सूर्य क्षितिजावर येतच नाही, नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, आणि रेक्याविकला जेमतेम चार तास उजेड. मग लोक येतात, अंधारात हॉटेल बघतात आणि वैतागून जातात. ज्यांना अंधारच अनुभवायचाय त्यांनी खुशाल जावं, तो अनुभव खरंच वेगळा असतो. बाकीच्यांनी मार्च बघा, बर्फ भरपूर असतो, दिवस बारा तासांचा आणि रात्र लाइट्सना पुरेशी अंधारी. सायबेरियातल्या बैकाल तळ्याचा पारदर्शक बर्फ बघायचा असेल तरी फेब्रुवारीचा शेवट ते मार्च, डिसेंबरमध्ये तळं गोठलेलंच नसतं.

आणि लाइट्ससाठी एका गावात दोन रात्री ठेवून पुढे पळणाऱ्यांनो, ढग तुमच्या तिकिटाप्रमाणे सरकत नाहीत. किनाऱ्यावर ढग जास्त, म्हणून मी स्वीडनचं अबिस्को धरतो, डोंगरांच्या आडोशाला असल्याने तिथे आकाश बऱ्याचदा मोकळं मिळतं. तिथेही कमीत कमी चार रात्री ठेवा, आणि बाहेर जायच्या आधी बुटात बोटं हलतायत का ते बघा.