सोरायसिससाठी बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी

सोरायसिसचे चट्टे त्वचेवर दिसत असले, तरी मूळ बिघाड रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना जे रासायनिक संदेश धाडतात, त्यांत असतो. डेंड्रिटिक पेशींनी सोडलेल्या इंटरल्युकिन-२३ मुळे टी-पेशींचा एक गट चेतवला जाऊन इंटरल्युकिन-१७ स्रवू लागतो, आणि एरवी साधारण महिनाभराने पृष्ठभागी येणाऱ्या त्वचापेशी काही दिवसांतच वर येऊन त्यांचे रुपेरी पापुद्रे साचतात. टीएनएफ-अल्फा हा आणखी एक संदेशवाहक हा दाह वाढवत राहतो.

मलमे, प्रकाशोपचार किंवा मेथोट्रेक्सेट (जे आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज मुळीच नव्हे) पुरेसे न पडल्यास त्वचारोगतज्ज्ञ बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींत तयार केलेले आणि असा एखादाच संदेश अडवणारे औषध, सुचवतात. ते कोणता संदेश अडवते, हे प्रथम विचारावे. अडालिमुमॅब टीएनएफ-अल्फाला, सेक्युकिनुमॅब इंटरल्युकिन-१७ए ला, तर गुसेलकुमॅब इंटरल्युकिन-२३ ला रोखते. सर्वांत नवे तेच सर्वांत चांगले, असे येथे नसते. निवड बरीचशी रुग्णाच्या इतर आजारांवर ठरते. आतड्याचा क्रोन्स आजार असल्यास इंटरल्युकिन-१७ रोखणारी औषधे सहसा टाळतात, आणि हृदय निकामी होत असल्यास किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्यास टीएनएफ-रोधक टाळतात. सकाळी सांधे बराच वेळ आखडत असतील, तर तेही न विसरता सांगावे.

आपल्याकडे सर्वांत जपावे लागते ते क्षयरोगाला. शरीरात सुप्त असलेल्या क्षयजंतूंना पेशींच्या वेढ्यात कोंडून ठेवण्याचे काम टीएनएफ-अल्फा करते. तेच रोखले की वेढा सैल पडून रोग उसळू शकतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि मांटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी आधी करून घ्यावी. सुप्त संसर्ग आढळल्यास प्रतिबंधक गोळ्या सुरू करून बहुधा महिनाभराने इंजेक्शन दिले जाते. इंटरल्युकिन-१७ व इंटरल्युकिन-२३ रोखणाऱ्या उरलेल्या दोन गटांत हा धोका बराच कमी असला, तरी चाचणी चुकवू नये. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्याही याच वेळी होतात. जिवंत जंतूंची लस घ्यायची राहिली असल्यास तिचे वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे.

खर्चाचा हिशेब निदान वर्षभराचा मांडावा, कारण या औषधांनी रोग दबतो, मुळातून जात नाही. सेक्युकिनुमॅब पहिले पाच डोस दर आठवड्याला आणि पुढे दर ४ आठवड्यांनी, तर गुसेलकुमॅब पहिल्या दोन डोसांनंतर दर ८ आठवड्यांनी घेतात. इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे, गोठू देऊ नये. आणि ठरलेल्या दिवशी ताप किंवा कोणताही संसर्ग असल्यास ते टोचण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.