थंडीत घोडा सांभाळायचाय? झुलीआधी हौद बघा

दिवाळी उरकली की दरवर्षी चार-पाच जणांचे फोन ठरलेले, दादा थंडी पडायला लागली, घोड्याला झूल कुठली घेऊ, आणि मी दरवर्षी उलट विचारतो की ते राहू दे, काल दिवसभरात घोडा पाणी किती प्याला ते सांग. पलीकडून आवाज बंद. तेच तेच फोनवर सांगून कंटाळलो म्हणून यंदा लिहूनच टाकतोय.

आमचं गाव निफाड तालुक्यात. थंडीची बातमी लागली की ज्याचं नाव हमखास येतं तेच निफाड. पहाटे पारा ५-६ डिग्रीवर, द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून धूर करत बसलेले, आणि त्याच दिवशी दुपारी एक वाजता स्वेटर काढून फेकावा असं ऊन. दारात दोन जनावरं आहेत, एक मारवाडी घोडी नऊ वर्षांची आणि एक म्हातारा काठेवाडी, विशी ओलांडलेला, दाढा झिजलेल्या. दोघांचा हिवाळा वेगवेगळा जातो, ते पुढे येईलच.

आधी मनातली भीती काढा. अंगावर हिवाळी केस पूर्ण आलेत, पोटात वैरण आहे, अंग कोरडं आहे आणि वाऱ्याला आडोसा आहे, असा धट्टाकट्टा घोडा शून्याच्या खालीसुद्धा आरामात राहतो. लडाखचे झांस्करी घोडे उणे २०-३० मध्ये जगतात, आपलं निफाड त्यांना हिल स्टेशन वाटेल. घोड्याचे हिवाळी केस मुख्यतः दिवस लहान व्हायला लागल्यामुळे येतात, म्हणजे तयारी सप्टेंबरमध्येच सुरू होते, आणि गार लागलं की आपल्या अंगावर काटा येतो तसे त्याचे केस उभे राहून मध्ये हवा धरतात. तीच त्याची रजई. त्यावर पातळ चादर टाकली की केस दबतात, हवा जाते आणि चादर काही ऊब देत नाही, म्हणजे त्याची रजई काढून त्याला पंचा दिला.

मग झूल कुणाला? म्हातारा, बारीक झालेला, आजारी, केस कापलेला, लहान शिंगरू, आणि मुंबई-कोकणच्या उबदार हवेतून आत्ताच इकडे आलेला घोडा, यांना द्या, पण जाड द्या. आणि अवकाळी पाऊस आला तर सगळ्यांनाच छप्पर पाहिजे, कारण केस भिजले की उभे राहत नाहीत, ओला घोडा १२ डिग्रीतही कुडकुडतो. अशा वेळी आधी गोणपाटाने खसाखसा पुसून कोरडा करा, ओल्या अंगावर झूल टाकून मोकळे होऊ नका. रात्री घातलेली झूल सकाळी नऊच्या आत काढायचीच. आमच्याकडे एकाने घोड्यावर घोंगडी चार दिवस तशीच ठेवली, दुपारी आत घाम, रात्री तोच घाम गार, काढली तेव्हा खांद्याच्या उंचवट्यावर केस घासून कातडी लाल. झुलीखाली हात घालून बघायचं, दमट लागलं तर ती घोड्याला जड होतेय.

आता पाण्याचं. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत रात्री दहाला मी सहज गोठ्याकडे गेलो तर घोडी पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मध्येच मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची, वरचा ओठ वर उचलायची, बसायची, उठायची. पोट दुखत होतं. खाली बॅटरी मारली तर दुपारनंतरची लीदच नाही. डॉक्टर येईपर्यंत मी समोरची वैरण काढली आणि तिला दोरीने हळूहळू फिरवत राहिलो. त्यांनी नाकातून नळी घालून कोमट पाणी आणि लिक्विड पॅराफिन पोटात सोडलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. पहाटे साडेपाचला लीद पडली, सुपारीएवढ्या कडक गोळ्या, वरून शेंबडासारखा चिकट थर. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी लीद बघितली नव्हती. डॉक्टरांनी हौदात हात घातला आणि म्हणाले, "हे तुम्ही प्याल का सकाळी?" बर्फ. झाडाच्या सावलीतला सिमेंटचा हौद, रात्रभर गार झालेला, दुपारपर्यंत त्यावर ऊनच नाही, आणि घोडीला दिवसभर सुकी कडब्याची कुट्टी. पावसाळ्यात हिरव्या गवतातूनच बादल्यांनी पाणी पोटात जातं, कारण हिरव्या गवतात ७०-८० टक्के पाणीच असतं, सुक्या वैरणीत जेमतेम १०-१५. म्हणजे प्यायचं पाणी वाढायला पाहिजे तेव्हाच ते कमी होतं, आणि आतडं चोंदतं. चूक माझीच, दुसऱ्या कुणाची नाही.

तेव्हापासून हिवाळ्यात हौद बंद, बादली चालू. बादलीने मोजता येतं हा मोठा फायदा. चारेकशे किलोचा घोडा सुक्या वैरणीवर असेल तर दिवसाला २५-३० लिटर तरी पोटात गेलं पाहिजे, आमच्या १५ लिटरच्या बादल्या आहेत, दोन संपल्या का एवढंच बघायचं. आणि गरम करायला चूल पेटवायची गरज नाही, विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी हिवाळ्यात सकाळी कोमटच असतं, वाफा निघतात त्यातून, तेच लगेच समोर ठेवा. आता शेतीची लाईट रात्री दोनला येते आणि सकाळी जाते हे मान्य, मग लाईट जायच्या आत भरून घ्या आणि ड्रमला गोणपाट गुंडाळा. शिवाय रोज खाण्यात साधं मीठ, दोन सपाट मोठे चमचे म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास, मीठ गेलं की तहान लागते. मीठ पाण्यात नका टाकू, काही घोडे त्या पाण्याला तोंड लावत नाहीत, मग होतं उलटंच.

आणि लीद वाचायला शिका. धडधाकट घोडा दिवसातून आठ-दहा वेळा तरी लीद टाकतो, गोळे ओलसर, जमिनीवर पडल्यावर फुटणारे. गोळे लहान, कडक, संख्येने कमी झाले की त्याच दिवशी कुट्टी भिजवून द्यायला लागा, पोटदुखीची वाट बघू नका. पोटदुखी दिसलीच तर घरगुती काढा, तेल-हिंग बाटलीने तोंडात ओतू नका, फुफ्फुसात गेलं तर पोटाचं राहिलं बाजूला.

खाण्यात आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. थंडी म्हणजे गरम खाऊ घाला, म्हणून बाजरी, गूळ, वर मेथीचे लाडू, घरातल्या माणसांसारखंच. आमचे आबा तर डिंकाचा लाडू घोडीला चारून मग स्वतः खायचे, प्रेम आहे, एखाद्या लाडवाने काही होत नाही. पण घोड्याला खरी ऊब देते ती वैरण, कारण ती मागच्या मोठ्या आतड्यात तासन्‌तास आंबत राहते आणि त्यातून उष्णता निघते, धान्याची तेवढी निघत नाही. म्हणून थंडीची लाट आली तर धान्य नका वाढवू, रात्रीची वैरण एक-दोन किलोने वाढवा. दिवसाचा हिशोब वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ४०० किलोला ६ ते ८ किलो सुकी वैरण, जमेल तसा थोडा लसूणघास. एकदम बाजरी-ज्वारी वाढवली की पाय धरतात, म्हणजे टापा गरम, टापेच्या वरच्या बाजूला नाडी ठणठण उडते, घोडा पुढच्या पायांवर वजन न देता मागे रेलून उभा राहतो आणि निखाऱ्यावर चालल्यासारखा चालतो. यात डॉक्टर त्याच तासाला. आणि एक पक्कं लक्षात ठेवा, दिवाळीच्या आसपास मका निघतो, त्यावर अवकाळी पडला की बुरशी धरते, तो मका गाई खातील एखादवेळेस, घोड्याला एक मूठही नाही. त्या बुरशीचं विष घोड्याच्या मेंदूला लागतं, त्यावर औषध नाही.

गोठा. थंडी म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री आवळतात आणि आत शेकोटी पेटवतात, हे तर अजिबात नको. आत गुडघ्यावर बसा, नाक घोड्याच्या बसलेल्या तोंडाच्या उंचीवर येऊ द्या, डोळे चुरचुरले म्हणजे मुताचा अमोनिया साठलाय. वाऱ्याची एक बाजू बंद करा, वरून हवा मोकळी राहू द्या. खोकला ऐकू आला तर भुसा धुळीचा आहे, पाणी शिंपडून द्या.

पाय आणि चाल, यावर थोडं जास्त लिहितो कारण लग्नसराई याच दिवसांत. हिवाळ्यात टाप हळू वाढते म्हणून लोक नालबंदाला दोन-दोन महिने बोलवत नाहीत, आमचे नालबंद चाचा म्हणतात टाप वाढत नसली तरी वाकडी होते, म्हणून सहा-सात आठवड्यांनी हात फिरलाच पाहिजे. कोरड्या हवेत टापेला उभ्या चिरा पडतात, आणि खाली ओली लीद साठली की तळव्यातला मधला मऊ भाग सडतो, काळं, घाण वासाचं निघतं. म्हणजे एकाच टापेला वरून कोरड, खालून सडकं, दोन्ही. रोज हुकने तळवे साफ करा, बसायची जागा कोरडी ठेवा. खिळा लागला तर जखम किती लहान आहे ते बघत बसू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन, घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो.

सकाळी अंग आखडलेलं असतं, म्हाताऱ्याचं तर जास्तच, तो पहिली दहा पावलं लाकडी घोड्यासारखा टाकतो. १५ मिनिटं नुसता चालवा, मग काम. वरातीची घोडी तर रात्री मखमली झुलीखाली बँडसमोर दोन तास नाचते, घामाने चिंब, आणि वरात संपली की टेम्पोत उघड्यावर उभी करून ५० किलोमीटर घरी. टेम्पोत चढवायच्या आधी २० मिनिटं हळू फिरवा, पुसा, कोरडी झूल घाला, कोमट पाणी दाखवा. आणखी एक, जिला तीन दिवस काम नाही तिचा खुराक, म्हणजे धान्य, निम्मा करा. पूर्ण खुराकावर उभी राहिलेली घोडी चौथ्या दिवशी एकदम नाचवली की मागचे पुठ्ठे दगडासारखे होतात, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची. इथे पोटदुखीसारखं फिरवायचं नाही, जिथे आहे तिथेच उभी करायची. हा फरक डोक्यात पक्का करा.

म्हाताऱ्याचे केस हिवाळ्यात इतके दाट येतात की तो गुबगुबीत दिसतो, आणि फेब्रुवारीत केस गळले की आतून सापळा निघतो. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, दर रविवारी बरगड्यांवर हात फिरवा. वैरणीचे चघळलेले बोळे तोंडातून खाली पडत असतील तर दाढांना धार आलीय, डॉक्टरांकडून घासून घ्या.

आणि जे सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जाणार आहेत त्यांच्यासाठी. दत्तजयंतीची यात्रा म्हणजे ऐन थंडी, तापीकाठचा गार वारा, देशभरातून आलेले घोडे एकमेकांच्या नाकाला नाक लावून. ग्लँडर्सच्या तपासणीचा कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, तो रोग माणसालाही होतो आणि निघाला तर कायद्याने घोडा मारावाच लागतो. घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळा बांधा, बादली वेगळी, खरारा वेगळा. रोज सकाळी ताप मोजा, ३७.५ ते ३८.५ ठीक, त्यावर गेला किंवा जबड्याखाली गाठ आणि नाकातून घट्ट पू दिसला तर घरच्या घोड्यांना हात लावायच्या आधी कपडे बदला. आणि प्रवासातून उतरवल्या उतरवल्या खुराक नका देऊ. आधी पाणी, मग वैरण, खुराकाचं दुसऱ्या दिवशी बघू.