गृहपाठ रात्री अकरापर्यंत रेंगाळतो? या चुका टाळा

पाचवी ते आठवीच्या मुलाचा गृहपाठ रोज रात्री दहा-अकरापर्यंत चालत असेल, तर "पोरगं आळशी आहे" हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढा. जळगाव असो, धुळे असो की शहादा, खासगी शाळांतल्या मुलांचं बहुतेक वेळा एकाच जागी अडतं: काय करायचं ते नीट लिहून आणलेलं नसतं, किती वेळ द्यायचा ते ठरलेलं नसतं आणि करायचं कोणी, याचा घरात घोळ असतो.

घड्याळ न बघता "खूप होमवर्क देतात" म्हणणं

केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात आकडे स्पष्ट आहेत. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवीला रोज जास्तीत जास्त १ तास. भरपूर गृहपाठ म्हणजे चांगली शाळा, ही समजूत पालकांनीच आधी सोडायला हवी.

एक आठवडा डायरीच्या समासात पेन्सिलने प्रत्येक विषयाची सुरुवातीची आणि संपल्याची वेळ लिहा. पाणी प्यायला, मोबाइल बघायला उठला तर तो वेळ वजा करा. सहावी ते आठवीच्या मुलाचा प्रत्यक्ष लिहिण्याचा वेळ तासाभराचा आणि बैठक तीन तासांची निघाली, तर दुरुस्ती घरी करायची आहे: टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, अवघड विषय आधी, २५ मिनिटांनी ५ मिनिटं सुट्टी. लिहिण्याचाच वेळ दीड-दोन तास निघाला, तर ते पान वर्गशिक्षकांना दाखवा. "मॅडम, विज्ञानाची प्रश्नोत्तरं उतरवायला रोज ५० मिनिटं जातात" असं सांगितलं की काय कमी करायचं ते त्यांनाही कळतं. नुसत्या तक्रारीवर त्या काहीच करू शकत नाहीत.

मोजताना क्लासचा गृहपाठ वेगळा धरा. पुष्कळ घरांत शाळेचा तास आणि क्लासचा तास असा दुप्पट बोजा असतो आणि बोल मात्र शाळेला लागतो. क्लासच्या सरांना आठवड्याच्या दिवसांत वेगळं काम देऊ नका म्हणून सांगा. याच्या उलट चूकही होते: शाळेचा सगळा गृहपाठ क्लासमध्येच फळ्यावरून उतरवला जातो. वही चकाचक दिसते, पण मुलाला काय येत नाही ते शाळेतल्या शिक्षकांना घटक चाचणीपर्यंत कळत नाही.

डायरीऐवजी व्हॉट्सॲप ग्रुपवर भिस्त

रात्री आठ वाजता "आज काय होमवर्क आहे?" असा मेसेज टाकायची सवय लागली की मूल शाळेत डायरी उघडणंच सोडतं. शाळा सुटण्याआधी चार गोष्टी डायरीत आल्याच पाहिजेत: विषय, पान क्रमांक, प्रश्न क्रमांक, कधी द्यायचा. "गणित करणे" एवढंच लिहिलेलं असेल तर ते न लिहिल्यासारखंच आहे. ग्रुप गैरहजेरीच्या दिवसापुरता ठेवा.

उत्तर सांगून टाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सहावीचं एक उदाहरण घ्या: बागेत केळीचे २४० घड होते, त्यांपैकी ३/५ विकले, तर किती उरले? मूल २४० ला ५ ने भागतं, ४८ येतात, तिनाने गुणतं, १४४ लिहितं आणि वही मिटतं. गुणाकार-भागाकार बरोबर, उत्तर चूक. आई किंवा काका म्हणतात, "अरे, २४० मधून वजा कर, ९६." वहीत बरोबरची खूण पडते, पण परीक्षेत तो पुन्हा १४४ वरच थांबतो, कारण प्रश्न शेवटपर्यंत वाचायची सवयच लागलेली नसते.

त्याऐवजी एवढंच विचारा: "हे १४४ म्हणजे काय?" "विकलेले घड" हे त्याच्या तोंडून आलं की पुढची पायरी तो स्वतःच करतो. घरी अहिराणी किंवा लेवा बोली चालत असेल तर प्रश्न आधी त्याच बोलीत सांगू द्या, मग शाळेच्या भाषेत लिहू द्या. इंग्रजी माध्यमात तर हे आवर्जून करा. तिथे पुष्कळदा गणित अडत नाही, प्रश्नातलं वाक्य अडतं.

गाईडमधून उत्तर उतरवण्यालाही हाच नियम. पुस्तक मिटून दोन वाक्यांत तोंडी सांगता आलं तरच वहीत लिहायचं.

प्रोजेक्ट आई-वडिलांनी करणं

चार्ट पेपर आदल्या रात्री आणला की प्रोजेक्ट घरच्यांच्याच गळ्यात पडतो. विषय मिळाला त्याच दिवशी सामानाची यादी करून घ्या. माहिती, कच्चं लिखाण, चित्र आणि पक्कं लिखाण अशी कामं चार दिवसांवर टाका. अक्षर वाकडं आलं तरी त्याचंच राहू द्या. शिक्षकांनीही दुकानातल्या तयार मॉडेलला जास्त गुण देऊ नयेत. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर आलेली मुलंही त्याच वर्गात असतात, आणि त्यांच्या घरी असा खर्च परवडतोच असं नाही.

अपूर्ण गृहपाठ लपवणं

शिक्षेच्या भीतीने मुलं पोटात दुखल्याचं सांगतात किंवा सकाळी बसमध्ये मित्राची वही उतरवतात. गृहपाठासाठी मारणं किंवा वर्गासमोर अपमान करणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मना आहे, हे पालकांनी आणि शाळेने दोघांनीही लक्षात ठेवावं. एका प्रश्नाला १५ मिनिटं देऊनही जमला नाही तर तिथेच थांबवा आणि डायरीत चिठ्ठी लिहा: "प्रश्न ३, दुसऱ्या पायरीला अडला. कृपया समजवावे." खाली सही करा.

उन्हाळ्यात जुनंच वेळापत्रक

मार्चपासून सकाळची शाळा लागते. बाहेरगावच्या मुलांना बससाठी पहाटे साडेपाचला उठावं लागतं. या वयाला किमान ९ तास झोप हवी, म्हणजे साडेआठला अंथरुणात. एप्रिलात पारा चाळिशीपार गेल्यावर पत्र्याच्या खोलीत भर दुपारी लिहायला बसवू नका. दुपारी जेवून झोपू द्या आणि साडेपाच ते साडेसहा गृहपाठ उरका. वीज जात असेल तर लिहिण्याचं काम उजेडात संपवा. पाठांतर आणि पाढे अंधारात ओट्यावर बसूनही होतात.