मुलींना फुटबॉल शिकवायचंय? आधी त्यांचे गुडघे बघा

ई सर्टिफिकेट, डी लायसन्स, मग सी, बी, ए, प्रो ही फुटबॉल कोचिंगची शिडी तुम्हाला पाठ असणार, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. एवढंच सांगते, डी लायसन्स हातात पडलं म्हणून लगेच 'इंडिया कॅम्पसाठी', म्हणजे भारतीय संघाच्या शिबिरासाठी, 'मुली तयार करतो' असा फ्लेक्स लावू नका. सांगलीत असले फ्लेक्स कमी नाहीत.

आपल्याकडे मुलगी खेळते म्हटलं की लोकांना स्मृती मानधना आठवते, नाहीतर कबड्डी, खो-खो. फुटबॉल म्हणजे कोल्हापूर, आणि तेही पेठांतल्या तालमींचं, पोरांचं. त्यामुळे तुमच्या ग्राउंडवर सुरुवातीला मोजक्या मुली असतील आणि बाकी सगळी पोरं. साहजिकच वेळापत्रक पोरांचं, पळवणं पोरांचं, आणि मुली त्यात ढकललेल्या. मी त्यातच अडकले, म्हणून इथं जरा लांबण लावणार आहे.

खेळत होते तेव्हाची गोष्ट. बॉल घेऊन वळायचं म्हणून डावा पाय मुरमात रोवला, अंग फिरलं, गुडघा मात्र तिथंच राहिला. कुणाचा धक्का नाही, टॅकल नाही. आतून 'टक्' झालं आणि संध्याकाळी गुडघा नारळाएवढा. 'शीर आखडलीय' म्हणून तेल लावून चोळला. सूज उतरली, चालता येऊ लागलं, तशी परत मॅचला उतरवली. दुसऱ्यांदा निसटला तेव्हा एमआरआय झाला. एसीएल आधीच तुटलेलं होतं, आता मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादीही फाटली होती. वजन टाकून जिना उतरताना आजही तो गुडघा मला विचारूनच उतरतो.

तर एसीएल. मांडीचं आणि नडगीचं हाड जागेवर धरणारा गुडघ्यातला लिगामेंट. फुटबॉलमध्ये तो तुटण्याचा धोका मुलींना मुलग्यांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त, आणि बहुतेक वेळा कुणी न धडकता तुटतो: उडी मारून खाली येताना, एकदम थांबताना, कट मारताना म्हणजे पळता पळता झटकन दिशा बदलताना. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्याने वाढते, मुलग्यांची चौदाच्या. हाडं लांबतात, वजन वाढतं, पण मांडीमागचे आणि कमरेचे स्नायू त्या वेगाने तयार होत नाहीत. कालपर्यंत चपळ असलेली पोरगी अचानक धडपडायला लागते. तिला 'आळशी झालीस' म्हणणारे सर मी पाहिलेत. बाहेर बसवू नका तिला. ती वाढतेय, दुसरं काही नाही.

तपासणी सोपी आहे. ग्राउंडच्या कट्ट्यावरून तिला दोन्ही पायांवर खाली उडी मारायला सांगा आणि समोरून मोबाईलवर शूट करा. मग व्हिडिओ हळू करून बघा. पाय टेकताना गुडघे आत, एकमेकांकडे ढळतात का? गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो का? गुडघे न वाकवता ती ताठच आदळते का? मग एका पायावर उडी. तिथं खरं चित्र दिसतं.

यावर उपाय फुकट आहे. 'फिफा ११+' हा वॉर्मअप, तीन भाग, १५ व्यायाम, सुमारे २० मिनिटं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या अठराशेहून जास्त मुलींच्या अभ्यासात तो करून पाहिला. २००८ मध्ये निकाल छापून आले, गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आलेल्या. आठवड्यातून किमान दोनदा हवा. पण ग्राउंड दीड तासच मिळतं, पोरींना मॅच हवी असते, मग पहिली कात्री वॉर्मअपलाच लागते. लावू नका. मॅच दहा मिनिटांची खेळवा.

२०२२ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भुवनेश्वरला आपण अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ हरलो. लगेच सगळीकडे एकच सूर, 'आपल्या पोरींत स्टॅमिना नाही', आणि दंडोबाच्या डोंगरावर पळवापळवी. मला त्या मॅचेसमध्ये वेगळंच दिसलं. अंगावर खेळाडू आली की पहिल्या टचलाच आपला बॉल दोन हात लांब जायचा. ते डोंगरावर सुधारत नाही. लहान चौकोनात, डोकं वर ठेवून, दोन्ही पायांनी बॉल घेण्याने सुधारतं. आणि सुधारतं हेही दिसलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांखालच्या संघाने यांगूनला म्यानमारला १-० हरवून वीस वर्षांनी आशिया कप गाठला. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्यांनी बिश्केकला उझबेकिस्तानवर २-१ ने मात करून त्यांच्या आशिया कपची जागा मिळवली. त्या वेळी दोन्ही संघांचे कोच योआकिम अलेक्झांडरसन होते. तेव्हा घाबरायचं कारण नाही, सांगलीची पोरगीही तिथं पोहोचू शकते.

वयाचं मात्र आत्ताच बघून ठेवा. कट-ऑफ १ जानेवारी असतो. त्या २०२६ च्या सतरा वर्षांखालच्या आशिया कपला १ जानेवारी २००९ किंवा नंतरच्या जन्माची अट होती. डिसेंबरातली मुलगी जानेवारीतलीपेक्षा जवळजवळ वर्षाने लहान, तरी गट एकच. तेराव्या वर्षी उंच पोरगी सगळ्यांना मागे टाकते म्हणून फक्त तिलाच घडवणारा कोच मला कोच वाटत नाही.

'कॅम्पात आपली ओळख आहे' म्हणणारा भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा. त्यापेक्षा मिरजेतला एक चांगला फिजिओ ओळखीचा ठेवा, तोच खरा गुरू. मिरजेत डॉक्टरांची वानवा नाही, पोरीला तिथवर नेणाऱ्याची आहे. पाळीबद्दल, थकव्याबद्दल पोरींच्या आयांशी बोला. हिमोग्लोबिन तपासायला लावा.

एसीएलचं ऑपरेशन झालंच तर किमान नऊ महिने मॅच नाही. त्या काळात पोरीला घरी बसवू नका, ग्राउंडवर बोलवा, सरावाचे प्लॅस्टिकचे कोन लावू दे, व्हिडिओ काढू दे. आणि त्याआधी कुणी स्पर्धेसाठी तिला मागितलं तर सरळ नाही म्हणा, मग मागणारे शाळेचे सर असोत नाहीतर ग्रेस मार्कांची काळजी लागलेले तिचे वडील.