मक्यातल्या लष्करी अळीसाठी कॅमेऱ्याचा कामगंध सापळा

अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. अळी एकदा पोंग्यात (मक्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत) शिरली की फवारा तिच्यापर्यंत नीट जात नाही. म्हणून या अळीचे पतंग कधी यायला लागले, हे रोजच्या रोज कळायला हवं. त्यासाठी हा सापळा: मादीच्या गंधाने नर पतंग चिकट कागदावर येतात आणि कॅमेऱ्याच्या फोटोवरून ते मोजले जातात.

सामान: रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (छोटा संगणक), कॅमेरा मॉड्यूल ३, पांढरी एलईडी, टायमर बोर्ड (संगणक ठरल्या वेळीच चालू करणारा), १८६५० सेल (रिचार्ज होणारा लिथियम सेल), छोटं सोलर पॅनेल, ल्यूर (मादीच्या गंधाचं आमिष) आणि २० बाय ११ सेंमीचा पांढरा चिकट कागद. झीरोला कॅमेरा जोडायला अरुंद फीत (केबल) लागते, ती वेगळी मागवा.

कॅमेरा कागदापासून १६ सेंमी उंच ठेवा; एवढ्यात पूर्ण कागद चौकटीत मावतो. बाजारातला तिकोनी सापळा यासाठी बुटका पडतो, उंच खोकंच करा. ऑटोफोकस बंद ठेवा, नाहीतर तो भलत्याच कडेवर स्थिरावतो. लेन्स पोझिशन (फोकसचं अंतर ठरवणारा आकडा) ६.२५ द्या (१ भागिले ०.१६ मीटर).

फोटो पहाटे एकदाच, एलईडी काही सेकंदच. रात्रभर दिवा राहिला तर इतर किडेच गोळा होतात. रास्पबेरी पाय सतत चालू ठेवला तर १०,००० एमएएचची पॉवर बँक एक-दोन दिवसांत संपते. आणि टायमर लावला तर भार कमी पाहून बऱ्याच पॉवर बँका स्वतःच बंद पडतात. म्हणून सुटे सेल.

खरी चूक होते ती मॉडेलमध्ये, म्हणजे फोटोतले पतंग ओळखायला शिकवलेल्या प्रोग्रॅममध्ये. अख्खा फोटो ६४० पिक्सेलवर आणला की पतंग जेमतेम ५० पिक्सेलचा उरतो आणि नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाचा पांढरा ठिपका पुसला जातो. ओळख तर त्यावरच आहे! फोटोचे १२८० पिक्सेलचे, कडा एकमेकांवर येणारे तुकडे करून तपासा. इंटरनेटवरचे पंख पसरलेले नमुने शिकवून भागत नाही. आपल्याच कागदावरचे, वेडेवाकडे चिकटलेले पतंग शिकवा. मिथिम्नाचे (दुसऱ्या जातीच्या लष्करी अळीचे) पतंगही याच ल्यूरवर येतात, त्यांचा वेगळा वर्ग ठेवा.

कागदावर कालचेही पतंग असतात, तेव्हा आजच्या आकड्यातून कालचा वजा करा. आठवड्याने कागद बदला, कारण धूळ आणि पंखांवरून गळलेल्या खवल्यांनी ठिपके झाकले जातात. ल्यूर तीन-चार आठवड्यांनी बदला.

आकडा वाढला म्हणून लगेच फवारू नका. शेतात पाच ठिकाणची वीस-वीस झाडं पाहा. रोपावस्थेत ५ टक्के झाडांवर खाल्ल्याच्या खुणा दिसल्या, तर ५ टक्के निंबोळी अर्क थेट पोंग्यात जाईल असा फवारा.