अमेरिकन गाण्यांचा रिसायटल: आधी पट्टी ठरवा

पहिला अमेरिकन रिसायटल (पियानोच्या साथीने एकट्याने गायची मैफल) बसवताना सगळी चिंता पूर्वार्धाची असते. अमेरिकन संगीतकार बार्बरची 'हर्मिट साँग्ज' (१९५३, दहा गाणी) किंवा कोपलंडने चाली दिलेल्या एमिली डिकिन्सनच्या बारा कविता अवघड आहेतच, पण तिथे सगळं कागदावर लिहिलेलं असतं. घसरायला होतं ते उत्तरार्धात, ब्रॉडवेच्या (न्यूयॉर्कच्या संगीत रंगभूमीच्या) कोल पोर्टर आणि गर्शविन या संगीतकारांपाशी.

कारण पट्टी. छापील पट्टीत सोप्रानोचा (सर्वात उंच स्त्री-आवाजाचा) आवाज छान लागतो आणि शब्द एकही कळत नाही. यात तुमच्या उच्चारांचा दोष नाही. 'ई'चा पहिला अनुनाद (तोंडाच्या पोकळीत स्वर जिथे घुमतो ती कंपनसंख्या) साधारण ३०० ते ४०० हर्ट्झवर असतो, आणि पियानोवरच्या मधल्या सीच्या वरचा सी ५२३ हर्ट्झचा. सूर अनुनादाच्या वर गेला की 'ई' आणि 'ऊ' कानाला वेगळे राहत नाहीत. त्यात ऑपेराच्या सवयीने आपण तोंड उघडून स्वर 'आ'कडे झुकवतो. आर्ट साँगमध्ये (कवितेला दिलेल्या शास्त्रीय चालीत) हे निभावतं, कारण कविता श्रोत्याच्या हातात छापलेली असते. पोर्टरचं यमक ऐकू आलं नाही तर गाणं तिथेच पडलं.

म्हणून शब्द आधी नुसते बोला. बोलण्याचा सूर पियानोवर शोधा आणि बहुतेक ओळी त्याच्या आसपास राहतील अशी पट्टी घ्या. सोप्रानोला बहुधा तीन ते पाच अर्धस्वर खाली यावं लागतं. मग कुणाला तरी शेवटच्या रांगेत बसवून ऐकू आलेले शब्द लिहायला सांगा. निम्मे चुकले तर आणखी खाली या. मात्र छातीचा आवाज ओढून वर नेऊ नका. त्याने घसा जातो. खाली, हलक्या दाबाने गाऊन आवाज बिघडत नाही, निर्धास्त राहा.

'समरटाइम'ला हा नियम लावू नका. ती 'पोर्गी अँड बेस' (१९३५) या ऑपेरातली सोप्रानोची अंगाई आहे. मूळच्या बी मायनर पट्टीतच, पूर्ण आवाजात गा.

साथीच्या तयार ध्वनिमुद्रित ट्रॅकवर तालीम म्हणजे वेळेची नासाडी. सुरुवातीचं कडवं बोलल्यासारखं मोकळं म्हणायचं असतं, ट्रॅक थांबत नाही. पुढच्या मुख्य भागाच्या ३२ मात्राखंडांत (बारमध्ये) लय पियानोने धरायची, तुम्ही किंचित मागे रेंगाळायचं. छापील प्रतीत उजवा हात चालच वाजवतो; पियानोवादकाला ती सोडून फक्त बास आणि कॉर्ड धरायला सांगा.

मराठी जिभेसाठी: 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठावर, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू. 'टी', 'डी'ला जीभ मागे वळवू नका, हिरडीला टेकवा. 'नाइट'मध्ये सूर 'आ'वर धरा, 'इ' अगदी शेवटी. 'आर' इटालियनसारखा फिरवू नका.

ब्रॉडवेला 'हलकं' म्हणणाऱ्या शिक्षकाकडे हा भाग शिकू नका. उत्तरार्ध कोपलंडच्या 'ओल्ड अमेरिकन साँग्ज'ने उघडा (१९५० आणि १९५२चे दोन संच, पाच-पाच गाणी). ती लोकगीतांवरून घेतलेली आहेत. तिथे आवाज आपोआप साधा होतो आणि पोर्टरकडे वळणं सोपं जातं.