फाइल सर्व्हरवर इव्हेंट ट्रिगर लावताना

फाइल सर्व्हरची बरीचशी देखभाल ठरलेल्या वेळी चालणाऱ्या टास्कवर सोपवलेली असते आणि बॅकअपसारख्या कामाला ते ठीकच आहे. परंतु दुपारी भरलेल्या डिस्कची खबर रात्रीच्या टास्कला लागून उपयोग नसतो. अशा कामांसाठी विंडोज सर्व्हरच्या टास्क शेड्युलरमध्ये वेळेऐवजी इव्हेंटचा, म्हणजे सिस्टिमच्या लॉगमध्ये पडलेल्या एखाद्या नोंदीचा, ट्रिगर (टास्क सुरू करणारी अट) लावता येतो. मात्र इव्हेंट म्हणजे केवळ दारावरची थाप असते. दाराबाहेर काय आहे हे स्क्रिप्टनेच उघडून पाहायचे असते.

सुरुवात सोप्या इव्हेंटपासून करावी. डिस्कवरील जागा संपत आली की सिस्टिम लॉगमध्ये २०१३ क्रमांकाची नोंद पडते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तिच्यावर राइट क्लिक करून ‘अटॅच टास्क टू धिस इव्हेंट’ निवडावे आणि कृती म्हणून पॉवरशेलची स्क्रिप्ट द्यावी. मेल पाठवण्याची तयार कृती विंडोज सर्व्हर २०१२ पासून कालबाह्य ठरवली गेली असल्याने मेलही स्क्रिप्टमधूनच पाठवावी. टास्क तयार झाल्यावर, कोणी लॉगइन केलेले नसतानाही ते चालावे हा पर्याय निवडायला विसरू नये.

खरी कसोटी लागते ती डिलीट झालेल्या फायलींचा माग काढताना. त्यासाठी ऑडिटिंग (फायलींना कोणी हात लावला याची नोंद ठेवणे) दोन ठिकाणी चालू करावे लागते : ग्रुप पॉलिसीतील ‘ऑडिट फाइल सिस्टिम’मध्ये आणि त्या फोल्डरच्या ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीतील ऑडिटिंग टॅबमध्ये. यांपैकी एक जरी राहिले तरी सिक्युरिटी लॉगमध्ये काहीच उमटत नाही, आणि ‘ट्रिगर चालत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच सापडते. पुढे अनेक जण ४६६३ या इव्हेंटवर ट्रिगर लावतात, कारण त्यात फाइलचे नाव दिसते. तो इव्हेंट फक्त एवढेच सांगतो की अमुक अधिकार वापरला गेला. आणि फाइलचे नाव बदलतानाही डिलीटचाच अधिकार वापरला जात असल्याने साध्या रिनेमचीही ‘फाइल गेली’ अशी बोंब उठते. फाइल खरोखर पुसली गेल्याची नोंद ४६६० ही असते, पण तिच्यात फाइलचे नाव नसते. म्हणून ट्रिगर ४६६० वर लावावा, आणि स्क्रिप्टने तोच हँडल आयडी (उघडलेल्या फाइलला सिस्टिमने दिलेला तात्पुरता क्रमांक) असलेली, त्याच्या लगेच आधीची ४६६३ ची नोंद शोधून नाव तिथून घ्यावे. हँडल आयडी पुन्हा पुन्हा वापरले जातात, त्यामुळे वेळेची जवळीक तपासणे टाळू नये. स्क्रिप्ट ज्या खात्याने चालते ते ‘इव्हेंट लॉग रीडर्स’ या गटात असल्यास सिक्युरिटी लॉग वाचण्यासाठी त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्यावे लागत नाहीत.

एखाद्याने पाचशे फायलींचे फोल्डर उडवले की इव्हेंटही त्याच संख्येने येतात. टास्क आधीच चालू असेल तर दुसरी प्रत सुरू करू नये, ही मूळची सेटिंग तशीच ठेवावी. रांगेचा पर्याय निवडल्यास पाचशे मेल येतील. अर्थात त्यामुळे मधल्या ट्रिगरवर पाणी सोडावे लागते, म्हणून स्क्रिप्टने शेवटी वाचलेल्या नोंदीचा रेकॉर्ड आयडी एका छोट्या फाइलीत लिहून ठेवावा आणि प्रत्येक वेळी त्यापुढच्या सगळ्या नोंदी वाचून एकच मेल पाठवावी. स्क्रिप्ट संपता संपता आलेली एखादी नोंद तरीही निसटू शकते. त्यासाठी त्याच टास्कला दर तासाचा दुसरा ट्रिगर जोडावा.

ती छोटी फाइल मात्र ऑडिट चालू असलेल्या फोल्डरच्या बाहेर असावी. माझ्या एका जुन्या स्क्रिप्टने आपली तात्पुरती फाइल आतच तयार करून पुसली, त्या पुसण्याने नवा ४६६० उठला, त्याने पुन्हा स्क्रिप्ट चालली, आणि लॉग भरेपर्यंत ती स्वतःचाच पाठलाग करत राहिली. सिक्युरिटी लॉगची कमाल मर्यादाही आधीच वाढवावी, नाहीतर गर्दीच्या वेळी जुन्या नोंदी वाचण्यापूर्वीच पुसल्या जातात.

वापरात आणण्यापूर्वी चाचणीच्या फोल्डरमध्ये एक फाइल डिलीट करावी, मग पाचशे एकदम कराव्यात आणि शेवटी एका फाइलचे नुसते नाव बदलावे. या तिसऱ्या चाचणीनंतर मेल आली, तर ट्रिगर अजून ४६६३ वरच बसलेला आहे असे समजावे.